गोरखपूरचा मुक्काम

मेडशी
१८ नोव्हेंबर २०२४

इंद्रभानभाऊ,

नमस्कार. मी वैजयंती, हरीओम घुगे यांची पत्नी. बुटवलच्या दवाखान्यात आपण एकमेकांना पाहिलं होतं, बोललो नव्हतो. नेपाळातलं बोगद्याचं काम सोडून तुम्ही आसेगावला शेतीवर परत आलात हे उशिरा कळलं. आमच्या शाळेत मी लिपिक आहे. इथले एक सर तुमच्या गावचे आहेत, त्यांच्याकडून पत्ता घेतला. फोन नंबरही मिळाला होता. पण फोनवर आपल्याकडे अशा गोष्टींत कोणी खरं सांगत नाही, म्हणून लिहिते आहे.

यांचं वर्षश्राद्ध जानेवारीत येतं. माझा भाऊ विकास याने महाराजांना तिथी सांगितली, ती भोगीच्या दिवसाची नाही, नंतरची आहे. मी विचारलं तर म्हणाला, "अग्नी देल्ला ते तिथी धरतेत." असं धरतात का मला माहीत नाही. तुमचा फोन भोगीच्या संध्याकाळी आला होता. मला फक्त एवढंच विचारायचं आहे, की हे गेले ते फोनच्या आधी किती वेळ, आणि तेव्हा जवळ कोणी होतं का.

तुम्ही फोनवर झाकलंत, त्याचा राग नाही. माणूस गेला की कोणीही हेच सांगतं, दवाखान्यात आहे, लवकर या. घरच्यांनी प्रवासात खचू नये म्हणून. तुम्ही विकासला तसं सांगितलंत आणि विकासने मला तसंच सांगितलं. रिचार्ज करून आणतो म्हणून माझा फोन घेऊन गेला. मी समजले. दुसऱ्या दिवशी संक्रांत. तिळगूळ आदल्या दिवशीच करून ठेवला होता. गल्लीतल्या बायका वाण घेऊन निघाल्या, प्रत्येक दारी थांबल्या आणि माझ्या दारावरून पुढे गेल्या. थोड्या वेळाने शेजारची भुरीबाई आली, रिकाम्या हाताने. माझं अंगण झाडायला लागली. मग समजायचं काही राहिलं नाही. पण मी कोणाला तसं दाखवलं नाही. ते सगळे माझ्यासाठी झाकत होते, मी त्यांच्यासाठी.

निघायला एक दिवस गेला. यांचे काका दौलतराव जऊळक्याहून यायचे होते, त्यांच्याशिवाय अग्नी कोण देणार, आम्हाला मूल नाही. भुसावळहून गाडी मिळाली. गोरखपूरला उतरलो तेव्हा दुपार होती. सीमेपर्यंतच्या बसगाड्या सुरू होत्या. विकास म्हणाला, "काकाजी थकले, मुक्काम करू. आता घाई कायची." आणि लगेच माझ्याकडे बघून गप्प झाला. धर्मशाळेत तो फोनवर कोणाला तरी बर्फाचं विचारत होता, तेही मी ऐकलं. खरं सांगते, मुक्काम मलाही हवा होता. जोवर मी पाहिलं नाही तोवर ते गेलेले नाहीत, असं काहीतरी डोक्यात होतं. ती एक रात्र मला मिळावी असं वाटलं. तिथेच न्हाणीघरात मी साबण लावून बांगड्या काढल्या. उद्या कोणी फोडायला नको म्हणून.

त्याच्या आधीच्या मे महिन्यात मी तोच रस्ता एकटी गेले होते, यांना भेटायला. रस्ता सगळा यांनीच सांगितला होता. सीमेवर सोनौलीला उतर, सायकलरिक्षा करू नको, ओळखपत्र दाखव आणि सरळ चालत ये. मी गेट पार केलं तेव्हा हे पलीकडे उन्हात उभे होते. म्हटलं, दोन पावलं अलीकडे यायला काय होत होतं? तर म्हणाले, "मंग तू परदेशात कशी आली असती? आता गावात सांगशील, मी माह्या पायानं फॉरेनले गेली." जानेवारीत तेच गेट मी दौलतरावांचा हात धरून पार केलं. कोणी ओळखपत्रही पाहिलं नाही.

आणखी एक विचारायचं आहे. दवाखान्यात मला चेहरा दाखवला तेव्हा यांची दाढी वाढलेली होती. हे रोज दाढी करायचे. मेल्यावरही दाढी वाढते असं लोक म्हणतात. ते खरं आहे का?

कळवावे.

वैजयंती घुगे


आसेगाव
२७ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

रामराम. तुमचे पत्र मिळाले. उत्तराला उशीर झाला, माफ करा. तुरीवर अळी पडली आहे, फवारणी चालू आहे, हरभऱ्याला पाणी देणे चालू आहे. लाईन दिवसा नसते.

तुम्ही विचारले त्याबद्दल. हरीओमभाऊंना काही त्रास झाला नाही. बोगद्यात छताचा दगड सुटला आणि सर्व जागीच झाले. त्यांना काही समजले नसेल. जवळ आम्ही सर्व होतो. तिथीबद्दल विकासभाऊ सांगतात तेच धरावे, त्यांनी विचार करूनच सांगितले असेल. दाढीबद्दल म्हणाल तर तेव्हा डबल शिफ्ट होती, आम्हा कोणालाच दाढी करायला वेळ मिळत नव्हता.

हरीओमभाऊंसारखा माणूस कॅम्पमध्ये दुसरा नव्हता. मेसमध्ये रोज डाळभात खाऊन आम्ही कंटाळलो की ते पिठलं करायचे, नेपाळी पोरंही ताट घेऊन रांगेत उभी राहायची. ते तुमच्याबद्दल फार बोलत नसत. पण मे महिन्यात तुम्ही येऊन गेल्यावर आठ दिवस चिडवून घेत होते.

वहिनी, झाले ते झाले. त्यात जास्त जाऊ नये. तब्येतीला जपा.

तुमचा
इंद्रभान सोनोने


मेडशी
२ डिसेंबर २०२४

इंद्रभानभाऊ,

पत्र मिळालं. पिठल्याचं वाचून बरं वाटलं. ते मला माहीत नव्हतं.

पण दाढीचं तुम्ही लिहिलंत ते पटत नाही. हे मला सांगायचे, बोगद्यात दाढी ठेवताच येत नाही, धुळीचा मास्क गालाला चिकटून बसत नाही, धूळ आत जाते. दाढी वाढलेली असली की सुपरवायझर आत सोडत नाही. मग ज्या दिवशी दगड पडला त्या दिवशी सकाळी यांनी दाढी केलेलीच असणार. मी जे पाहिलं ते एका दिवसाचं नव्हतं.

आणि जागीच गेले असतील तर बुटवलच्या दवाखान्यात कशासाठी नेलं? तिथून यांचा बोगदा जीपने तीन तासांवर होता.

विकासला मी हे विचारू शकत नाही. यांचं नाव काढलं की तो उठून जातो. बुटवलहून आल्यापासून तो बदलला आहे. सणावाराला जेवत नाही. त्याची बायको मला म्हणते, "बाई, तुमच्यापरस त्याईनंच जास्त मनाले लावून घेतलं." तुम्हाला विचारते आहे कारण तुम्ही माझे कोणी नाही. तुम्हाला माझ्यासाठी झाकायची गरज नाही.

वैजयंती


आसेगाव
११ डिसेंबर २०२४

वैजयंतीबाई,

मी रुख्मिणी, तुमाले पत्र लिवनाऱ्याची बायको. माहं अक्षर चांगलं नाई, आठवीतच लगन झालं, पन वाचता येईन.

तुमचं दुसरं पत्र आलं तवापासून आमच्या घरी हे नुसतं गोठ्यात जाऊन बसते. पत्र वाचते, घडी करते, खिशात ठेवते, पुन्हा काढते. म्या म्हनलं, काय हो, बैलाले वाचून दाखवता काय? तं माह्यावरच खेकसले. चार वेळ कागद घेऊन बसले अन् चारी वेळ फाडला. मंग म्या म्हनलं, तुमाले होत नाई तं मी लिवते. बाईमानूस इचारून राह्यलं, उत्तर नाई देल्लं तं तिले काय वाटन?

बाई, तुमी याईच्यावर राग धरू नका. मानूस चांगलं हाय, तोंड नाई त्याले. तिकून आले तवापासून धड नाई. इतका पगार सोडून कोनी येते काय? मले म्हनते, मले त्या बोगद्यात आता जानं होत नाई. झोपीत दचकते. म्या इचारलं तं एकदा सांगतलं, का तुमचे मालक दवाखान्यात चार दिवस होते तवा हेच त्याईच्यापाशी होते, सकायी अन् संध्याकायी आत सोडे तेवढा टाईम. बाकी पायरीवर बसून. जेवन नाई का झोप नाई. सख्ख्या भावाचंबी कोनी करत नाई तेवढं केलं बाई याईनं. म्हनून म्हनते, राग धरू नका.

इकडं कधी आल्या तं घरी या. मंगरूळपीरहून आसेगावची बस हाय. तुरीच्या शेंगा खाऊन जा.

रुख्मिणी


मेडशी
१६ डिसेंबर २०२४

इंद्रभानभाऊ,

रुख्मिणीताईंचं पत्र आलं. त्यांनी चार दिवस लिहिलं आहे. त्यांना वाटलं मला माहीत आहे. त्यांना काही बोलू नका.

आता सगळं लिहा. माझ्यासाठी काही गाळू नका.

वैजयंती


आसेगाव
२४ डिसेंबर २०२४

वहिनी,

लिहितो. मला विकासभाऊंनी माझ्या लेकराची शपथ घातली होती. ती मोडतो आहे.

दगड छातीवर पडला. भोगीच्या दिवशी दुपारची वेळ. आम्ही त्यांना जीपमध्ये घालून बुटवलला नेले. शुद्धीवर होते. डॉक्टरांनी तोंडातून नळी घातली, त्यामुळे बोलता येत नव्हते, पण सगळे समजत होते. डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही, घरच्यांना बोलवा. मी बाहेर येऊन फोन केला. तुम्हाला करायला पाहिजे होता. पण बाईमाणसाला एकदम कसे सांगावे म्हणून विकासभाऊंना केला. आपल्याकडे असेच करतात. मला तेव्हा दुसरे सुचलेच नाही.

मी म्हटले, हरीओमभाऊ दवाखान्यात आहेत, वहिनीला घेऊन लवकर या. ते म्हणाले, "खरं सांगा भाऊ." मी म्हटले, खरंच सांगतो, जिवंत आहेत. ते म्हणाले, "समजलं. समजलं भाऊ. आनतो मी तिले." त्यांचा आवाज ऐकून मला शंका आली. परत लावला तर कोणीतरी दुसऱ्याने उचलला, मागे रडणे ऐकू येत होते. मी ओरडून सांगितले की अहो, माणूस जिवंत आहे. तो म्हणाला, "हो भाऊ, तुमी धीर धरा." मला धीर देत होते, वहिनी. तुमचा नंबर लावला तर बंद.

मी त्यावर खूप विचार केला आहे. मी काय बोललो असतो म्हणजे त्यांना पटले असते? माझ्या वडिलांच्या वेळी मामाने मला फोनवर जे जे सांगितले होते तेच मी सांगत होतो. जिवंत आहे, बोलतो आहे, शपथ घेऊन सांगतो. मामाने शपथही घेतली होती. वडील तेव्हा अंगणात ठेवलेले होते.

आत फोन नेऊ देत नव्हते, नाहीतर फोटो काढून पाठवला असता. सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ आत सोडायचे. मी गेलो की ते डोळ्यांनी दाराकडे बघायचे, मग माझ्याकडे. दुसरे काही विचारत नव्हते. पहिल्या दिवशी सांगितले, वहिनी निघाल्या. दुसऱ्या दिवशी सांगितले, अकोल्याला पोचल्या. तुम्ही तेव्हा घरीच होता, पण मला ते माहीत नव्हते, आणि असते तरी तेच सांगितले असते. मग भुसावळ. मग गोरखपूर. गोरखपूर म्हटल्यावर त्यांनी हाताची बोटे चादरीवर चालवली, अशी दोन बोटे, माणूस चालतो तशी. मे महिन्यातली गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. मी म्हटले, हो, गेट चालतच पार करतील, रिक्षा करणार नाहीत. तेव्हा त्यांच्या डोळ्यांना पाणी आले. हसू होते की दुखत होते, मला सांगता येत नाही.

त्या दिवशी दुपारी विकासभाऊंना फोन लावला. ते म्हणाले, गोरखपूरला मुक्काम करतो. मी हात जोडून म्हटले, मुक्काम करू नका, बसगाड्या आहेत, आत्ता निघा. ते म्हणाले, "आता सकायी. बर्फाची सोय झाली काय?" वहिनी, तेव्हा मला पूर्ण कळले. मी रस्त्यात ओरडलो, बर्फ कायले पाह्यजे, जिता हाय तो! ते हळू आवाजात म्हणाले, "हो भाऊ, हो. हळू बोला. बाई बाजूलेच बसून हाय."

मी तेव्हाच गोरखपूरला यायला पाहिजे होते. गाडी करून आलो असतो तर रात्री तुम्हाला घेऊन पोचलो असतो. पण संध्याकाळी आत सोडायची वेळ होती आणि ते दाराकडे बघत असतील म्हणून मी थांबलो. आत गेलो. श्वास खराब झाला होता. डोळे दाराकडेच. मी सांगितले, गेट पार केले. वहिनी अलीकडे आल्या. आता बुटवलच्या गाडीत बसल्या. त्यांनी माझा हात दाबला आणि डोळे मिटले. मला वाटले झोप लागली. सिस्टर म्हणाली, आता जरा शांत आहेत.

पहाटे गेले. मी पायरीवर होतो. मला नंतर सांगितले.

तुम्ही दुपारी आलात. तुम्ही आणि दौलतकाका बाकावर बसलात. विकासभाऊंनी मला बाजूला घेऊन विचारले, "भोगीले किती वाजता?" मी म्हटले, आज पहाटे. ते भिंतीला धरून खाली बसले. मग माझा हात धरला आणि म्हणाले, "बाईले सांगजो नको. तुले तुह्या लेकराची आन हाय. तिले समजलं तं ते जगनार नाई." मग तोंड धुऊन तुमच्याकडे आले.

एवढेच आहे. गाळले नाही. मी दहाव्याला आलो नाही, कारण तुम्ही काही विचारले असते तर मला खोटे बोलता आले नसते असे वाटले होते. पण मागच्या पत्रात बोललो.

इंद्रभान


मेडशी
९ जानेवारी २०२५

इंद्रभानभाऊ आणि रुख्मिणीताई,

पत्र वेळेवर मिळालं होतं. उत्तर द्यायला जमलं नाही.

तुमचा दोष नाही. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. बरेच दिवस दोष कोणाचा हे शोधून पाहिलं. तुमच्या जागी मी असते तर मीही आधी भावालाच फोन केला असता. विकासच्या जागी असते तर मीही फोन लपवला असता आणि बर्फाचं विचारलं असतं. सगळ्यांनी जे करायचं तेच केलं. मेलेल्या माणसासाठी आपल्याकडे सगळी तयारी होती. यांच्यासाठी काही नव्हती.

गोरखपूरचं मी पहिल्या पत्रात तुम्हाला लिहिलं होतं. ते परत लिहीत नाही.

बोटांचं तुम्ही लिहिलंत. मी ते रोज करून पाहते. टेबलावर, शाळेत, हजेरीपट बाजूला सारून. परवा मुख्याध्यापकांनी पाहिलं आणि विचारलं, काय मॅडम, हिशेब करता का? मी हो म्हटलं.

तुम्ही त्यांना शेवटी सांगितलंत की मी अलीकडे आले. हे चांगलं केलंत की वाईट, मला ठरवता येत नाही. काही दिवस वाटतं, बरं झालं, ते मी आले असं समजून गेले. काही दिवस वाटतं, मी गाडीत बसले हे ऐकून त्यांनी थांबायचं सोडलं. दार बघत राहिले असते तर आणखी एक सकाळ निघाली असती. याचं उत्तर तुमच्याकडेही नाही, म्हणून विचारत नाही.

वर्षश्राद्ध परवा झालं. तिथी विकासने सांगितलेलीच धरली. ती खरी होती. जऊळक्याहून दौलतराव आले होते, त्यांना आता दिसत नाही, त्यांनी सगळा वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. तुमचं पत्र माझ्या पिशवीत होतं. विधी झाला की विकासला बाजूला घेऊन दाखवायचं असं मी ठरवलं होतं. मला त्याला विचारायचं होतं, की एक वर्ष तू माझ्यासमोर कसा बसलास. मला त्याला दुखवायचं होतं, खोटं कशाला लिहू.

सगळ्यांची पंगत उठली. विकास वाढतच होता. मग भांडी आवरायला लागला. त्याची बायको म्हणाली, "पाहा ना बाई, सकायपासून पानीबी नाई पेलं." मी त्याचं ताट वाढलं आणि चुलीजवळ घेऊन गेले. तो पाटावर बसला. भाताकडे बघत होता. मी समोर बसले, पिशवी मांडीवर होती. त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झाले आहेत. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, एक गोष्ट बरी झाली. जागीच गेले भाऊजी. त्याईले काई समजलंच नसन. कोनाची वाट गीट पाहाची पाळी नाई आली त्याईच्यावर." आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. इंद्रभानभाऊ, असं कोणी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, "हो रे. ते बरं झालं."

मग तो जेवला. मी त्याला दोनदा भात वाढला.

वैजयंती